चाकांवरचं घर आणि आरटीओचे कागद

यूट्यूबवर मोटरहोमचा व्हिडिओ लागला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आपणही अशी गाडी घ्यायला हवी. हॉटेलचा खर्च वाचेल, वाटेल तिथे थांबता येईल.’ निवृत्तीला टेकलेली जोडपी आणि लॅपटॉपवर कुठूनही काम करणारी तरुण मंडळी, दोघांनाही या गाडीचा मोह पडतो. त्यांचे प्रश्न मात्र बहुतेक गाडीच्या आतले असतात. पलंग केवढा, ओटा कुठे, फ्रिज किती लिटरचा? अडचणी येतात त्या गाडीच्या बाहेर. आरसीवर काय लिहिलंय, रात्री गाडी उभी कुठे करायची आणि संडासाची टाकी ओतायची कुठे, यांवर मालकीचं सुख ठरतं. गैरसमजही नेमके इथेच आहेत.

‘जुनी मिनीबस घेऊ, गॅरेजवाल्याकडून आत फर्निचर करून घेऊ’

सगळ्यात महागात पडणारा समज हा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी आणि नोंदणीशी मेळ बसणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि नियमबाह्य बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मिनीबसच्या सीटा काढून पलंग टाकला, छताला भोक पाडून पंखा बसवला, पाण्याच्या टाक्या लटकवल्या, आणि आरसीवर मात्र आसनसंख्या १७ तशीच. असा सुतारकामाचा नमुना रस्त्यावर आणणं म्हणजे पहिल्याच तपासणीत सापडणं.

याच्या उलट टोकालाही एक समज आहे, की भारतात मोटरहोम मुळातच बेकायदा आहे. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘मोटर कॅराव्हॅन’ हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यात बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची कपाटं एवढं किमान हवं, आणि ते गाडीच्या राहत्या भागात पक्कं बसवलेलं हवं. टेबल तेवढं काढता-घालता येणारं चालतं. या गाड्यांसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे. नमुन्याची तपासणी अधिकृत संस्थांकडून होते, आणि त्यांतल्या दोन पुण्यातच आहेत. एक एआरएआय, जिच्या टेकडीवर अर्धं कोथरूड सकाळी फिरायला जातं, आणि दुसरी भोसरीची सीआयआरटी.

मंजुरीचा हा खटाटोप एका गाडीपुरता करणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. तो गाड्या बांधून विकणाऱ्याने करायचा असतो. म्हणून बांधणाऱ्याकडे गेलात की लाकूड कुठलं आणि कुशनचा रंग कुठला हे नंतर विचारा. आधी मंजुरीचं प्रमाणपत्र बघा, आणि आरसीवर वाहनाचा प्रकार काय लागणार ते लेखी घ्या. ‘आरटीओत आपली ओळख आहे’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन निघून यावं.

विम्याचंही गाडं इथेच अडतं. पॉलिसी आरसीवरच्या गाडीची असते. आत सात-आठ लाखांचं काम केलं आणि ते विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवलं नाही, तर ते काम कंपनीच्या लेखी नाहीच. वायरिंगमुळे आग लागली आणि वायरिंगच मंजुरीशिवाय केलेलं निघालं, तर सबंध दावा अडकू शकतो.

‘वर्षातले दोन महिने आपण वापरू, उरलेले दिवस भाड्याने देऊ’

हप्ते परस्पर फिटतील, हा हिशेब फार लोक मांडतात. केंद्र सरकारच्या २००४ च्या वर्गवारीत खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगरपरिवहन गटात येते आणि भाड्याने फिरणारी परिवहन गटात. म्हणजे पांढरी पाटी किंवा पिवळी पाटी, दोन्हींचे फायदे एकाच गाडीला मिळत नाहीत. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने दिली तर ती परमिटशिवाय चालवल्यासारखीच, आणि पहिल्याच गुन्ह्याला दंड १०,००० रुपये, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. पिवळी पाटी घेतली तर परमिट आलं, कर वेगळा आला आणि फिटनेसही आला. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

परराज्यात गेलं की पुन्हा कर भरावा लागतो, ही भीती मात्र खासगी गाडीपुरती फोल आहे. गाडी एकाच परराज्यात बारा महिन्यांहून जास्त राहिली तरच नव्या नोंदणीचा प्रश्न येतो. चार महिने राजस्थान, दोन महिने हिमाचल अशी भटकंती करणाऱ्याला त्याची झळ लागत नाही.

‘एवढी मोठी गाडी, म्हणजे हेवी लायसन्स लागणार’

बहुतेकांना लागत नाही. एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असेल तर हलक्या वाहनाचा, म्हणजे एलएमव्ही, परवाना चालतो, आणि आपल्याकडच्या ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेल्या गाड्या त्यात बसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तर एवढ्या वजनाच्या परिवहन वाहनालाही परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही, असा निर्वाळा दिला. मोठ्या बसच्या सांगाड्यावरची आलिशान गाडी घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण त्यांच्याकडे बहुधा ड्रायव्हर असतो.

टोलवर मात्र घर म्हणून कुणी सूट देत नाही. तिथे वर्ग बघतात, आणि मिनीबसचा टोल मोटारीपेक्षा जास्त असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास खासगी कार, जीप आणि व्हॅन यांनाच आहे, तोही राष्ट्रीय महामार्गांवर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी त्यात येत नाहीत.

‘वाटेल तिथे मुक्काम’

ही कल्पना परदेशी व्हिडिओंतून आली, आणि तिथेही ती पूर्ण खरी नाही. मोकळ्या मुक्कामासाठी नावाजलेल्या न्यूझीलंडने २०२३ मध्ये कायदा कडक केला. ‘स्वयंपूर्ण’ गाडीचं प्रमाणपत्र हवं असेल तर संडास गाडीत कायमचा बसवलेला हवा. सीटखालून ओढून काढायचं भांडं आता चालत नाही.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेची जागा कुणाची ना कुणाची असतेच, महामार्गाची, वनखात्याची, ग्रामपंचायतीची, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याची. महामार्गाच्या कडेला रात्र काढणं कायद्यापेक्षाही जिवावर बेतणारं आहे, कारण मागून येणाऱ्या कंटेनरला तुमचं घर दिसेलच असं नाही. अभयारण्यात रात्री थांबता येत नाही. समुद्रकिनाऱ्यावर वाळूत गाडी घालायला बंदी आहे, आणि गोव्यात उघड्यावर स्वयंपाक करणाऱ्या पर्यटकांनाही दंड होतो. माथेरानला तर दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटारच जात नाही, मग मोटरहोमचं काय घेऊन बसलात?

महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केलं, त्याच वर्षी केरळनेही केलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये केरळचं पहिलं कॅराव्हॅन पार्क वागामोणला सुरू झालं. धोरण आलं म्हणून आपल्याकडे जागोजागी पार्क उभी राहिली असं मात्र नाही. रोजच्या व्यवहारात उपयोगी पडतात ते ढाबे, चोवीस तास चालणारे पेट्रोल पंप, कृषी पर्यटन केंद्रं, देवस्थानांची भक्तनिवासं आणि अंगण असलेली घरगुती खानावळ. तिथे आधी विचारायचं, दोन वेळचं जेवायचं, प्लग आणि पाण्याचे पैसे ठरवायचे. फुकट मुक्काम शोधणाऱ्यापेक्षा दोन-चारशे रुपये देणाऱ्याची रात्र शांत जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

जागा मिळाली तरी तिथवर पोचायला हवं. छतावर एसी आणि पॅनल धरून गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. सोसायटीच्या तळघरात ती शिरणार नाही, आणि रेल्वेखालच्या बोगद्याशी हाइट गेज बघूनच पुढे व्हायचं. कोकणात चिऱ्याच्या गडग्यांमधल्या पाखाडीवजा रस्त्यांवर समोरून एसटी आली की कुणीतरी दोनशे मीटर मागे जायचं असतं, आणि ते एसटी नसते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर गाडी चढते, पण ओहोटीला धक्का आणि बोटीची फळी यांच्यात चढ तयार होतो. मागच्या चाकामागे गाडीचा जो लांब भाग लोंबतो तो तिथे घासतो, आणि सांडपाण्याचा नळ बहुधा त्याच भागात खाली असतो. तो आधी बांधून वर घ्यावा.

‘सोलर आहे, म्हणजे एसी चालेल’

हा हिशेब पाटीवर मांडून बघावा. २०० अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. एक टनाचा एसी उकाड्यात तासाला एक युनिटच्या आसपास खातो. म्हणजे रात्री दहाला लावला तर साडेबाराला घरचे उठून बसणार. छतावर ४०० वॉटचं पॅनल असेल तर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दीड युनिट मिळते, कोकणातल्या जुलैत त्याची आशाच सोडा. दिवे, पंखा, फ्रिज आणि लॅपटॉप यांना एवढी वीज छान पुरते. एसीला बाहेरून प्लग लागतो, तोही १५ अँपिअरचा आणि अर्थिंग ठीक असलेला. इंजिन सुरू ठेवून रात्रभर एसी लावणं ही खुळी कल्पना आहे. डिझेल जातंच, शिवाय धूर आत शिरला तर कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणूस जातो.

गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली फरशीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचं कपाट राहत्या जागेपासून पूर्ण बंद आणि तळाशी बाहेर उघडणारी जाळी असलेलं हवं. ओट्याखाली पडद्याआड ठेवलेला सिलिंडर व्हिडिओत कितीही नीटनेटका दिसो, तो चुकीचा आहे.

पाण्याची टाकी शंभर लिटरची असली तर ऐकायला भरपूर वाटते. चौघांनी बादलीभर पाण्याने अंघोळ केली की दुपारी भांडी घासायला पाणी नाही. आणि शंभर लिटर म्हणजे शंभर किलो. टाकी वाढवाल तसं गाडीचं वजन आरसीवरच्या मर्यादेकडे सरकतं.

संडासाबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक गाड्यांत कॅसेट पद्धतीचा संडास असतो, खाली वीसेक लिटरची टाकी. चौघांत ती दोन दिवसांत भरते. परदेशात ती ओतायला ठरलेल्या जागा असतात, आपल्याकडे नाहीत. नदीत, ओढ्यात, शेताच्या बांधावर ओतणं हा निव्वळ घाणेरडेपणा आहे आणि गुन्हाही. मार्ग एकच, ढाब्याच्या किंवा पंपाच्या संडासात, मालकाला विचारून, थोडं थोडं ओतायचं आणि मागून बादलीभर पाणी टाकून जागा धुवून द्यायची. टाकीत घालायचं निळं रसायन फॉर्मल्डिहाइडचं असेल तर ते सेप्टिक टँकमधले जिवाणू मारतं. गावाकडच्या शोषखड्ड्यात तर ते नकोच. जिवाणूंचं जैविक द्रावण मिळतं, तेच वापरावं.

‘आत बसलो म्हणजे घरातच बसलो’

चालत्या गाडीत पलंगावर लोळत जाणं, उभं राहून चहा करणं हे जाहिरातीत असतं. गाडी चालू असताना प्रवाशाने आसनावर बसायचं आणि पट्टा लावायचा. पट्टा नसेल तर दंड १,००० रुपये. जोरात ब्रेक लागला की पलंगावरचा माणूस आणि ओट्यावरचा कुकर एकाच वेगाने पुढे येतात.

दारूचंही तेच. मुक्कामी गाडी उभी असताना घेतली तर मद्यपान करून गाडी चालवल्याचं कलम लागत नाही, पण गाडी चालवायचा प्रयत्न केला तरी ते लागतं. मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहाटे तीनला कुणी ‘गाडी जरा पुढे घ्या’ म्हणून काच वाजवली तर घेणार कोण, हे आधी ठरलेलं बरं. गोव्याहून परतताना स्वयंपाकघराच्या कपाटात बाटल्या लावून ठेवणाऱ्यांना बांद्याजवळ इन्सुलीच्या उत्पादन शुल्क नाक्यावर ते घर वगैरे काही दिसत नाही. तिथे कपाटं उघडून दाखवावी लागतात.

हे सगळं वाचूनही घ्यावीशी वाटत असेल तर आधी तीन-चार दिवसांसाठी भाड्याने घ्या, पिवळी पाटी बघून घ्या, आणि शक्य तर भर पावसात घ्या. चालवणं, रात्रीची जागा शोधणं आणि कॅसेट रिकामी करणं ही तिन्ही कामं मालकाच्या माणसाला न सांगता स्वतः करा. जोडीदारालाही करायला लावा, विशेषतः तिसरं.