पलूसहून मुंबई : विमानाचें अंतर व विमानाचा वेळ

एके दिवशीं भूगोलाच्या तासास इयत्ता नववींतील एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, कोल्हापूरहून मुंबईस विमान किती वेळांत पोहोंचतें?" प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. त्याच्या आजींस उपचारासाठीं मुंबईस न्यावयाचें होतें व घरांत विमान कीं आगगाडी असा वाद चालला होता.

मीं त्यास फळ्यापाशीं बोलाविलें. कोल्हापूरजवळील उजळाईवाडीचा विमानतळ व मुंबईचा विमानतळ यांच्या अक्षांशांत २ अंश २५ मिनिटांचा व रेखांशांत १ अंश २५ मिनिटांचा फरक आहे. (हीं मिनिटें कोनाचीं, घड्याळाचीं नव्हेत!) अक्षांशाचा एक अंश सुमारें १११ किलोमीटर भरतो, रेखांशाचा अंश ध्रुवाकडे जातांना आखूड होत जातो व आपल्या भागांत तो सुमारें १०६ किलोमीटर असतो. तेव्हां मुंबई कोल्हापूरच्या उत्तरेस सुमारें २७० व पश्चिमेस सुमारें १५० किलोमीटर झाली. या दोन भुजांवर काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढला कीं सुमारें ३०९ किलोमीटर येतात. पुण्यावरून जाणारा लोहमार्ग पांचशेंहून अधिक किलोमीटरांचा आहे. मुंबई-लंडनसारख्या दूरच्या प्रवासास मात्र हा त्रिकोण चालावयाचा नाहीं; तेथें पृथ्वीची गोलाई हिशेबांत धरावी लागते.

पंख्यांच्या लहान प्रवासी विमानाचा वेग ताशी सुमारें ५०० किलोमीटर धरून मुलानें भागाकार केला व ३७ मिनिटें या उत्तराखालीं दोन रेघा ओढल्या. पण वेळापत्रकांत या प्रवासास सुमारें एक तास दिलेला असतो. मग भागाकार चुकला काय? मुळींच नाहीं. वेळापत्रकाचें घड्याळ विमान जागेवरून हलतांच सुरू होतें व दुसऱ्या टोंकास तें उभें राहीपर्यंत थांबत नाहीं. धांवपट्टीपर्यंत सरपटणें, वर चढणें, खालीं उतरणें, हें सर्व मंद गतीनें होतें. शिवाय विमान शक्यतों वाऱ्याच्या समोरून उतरावें लागतें, त्यासाठीं वळसा पडतो. मुंबईच्या दोन धांवपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळें दोन्हींवर एकाच वेळीं मोकळेपणानें विमानें उतरवितां येत नाहींत व कित्येकदां आकाशांतच घिरट्या घालीत थांबावें लागतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून जुहूस आले, तेव्हां वाटेंत अहमदाबादेस पेट्रोल बैलगाडींतून आणून भरलें होतें. तोही वेळ प्रवासाचाच!

आतां पलूसकरांची आणखी एक गंमत. विमान गांठण्यासाठीं आम्हांस मुंबईकडे पाठ करून, सरळ रेषेंत मोजलें तरी ५० किलोमीटर, दक्षिणेस जावें लागतें. रस्त्यानें त्यास दीड-दोन तास लागतात. विमानतळावर तासभर आधीं पोहोंचलें पाहिजे. मुंबईंत उतरल्यावर सामान घेऊन रुग्णालय गांठण्यास आणखी तास-दीड तास. अशा रीतीनें ३७ मिनिटांचे साडेचार ते साडेपांच तास झाले. आगगाडीस रात्रभर लागते खरी, परंतु किर्लोस्करवाडीचें स्थानक घरापासून अगदीं जवळ.

मुलानें हा हिशेब वहींत उतरवून घरीं नेला. वडिलांनीं तो दोनदां वाचला व आगगाडीचीं तिकिटें काढलीं. आजींस चार-चार वेळां चढउतार झेपली नसती. गाडींत त्यांना रात्रभर आडवें पडून जातां आलें.