वेग मागणारी भिंत

हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात येणारा पाहुणा आर्ट्स कॉलेजच्या गुलाबी ग्रॅनाइटच्या इमारतीसमोर फोटो काढतो आणि परततो. संपादकांनी मात्र मला त्याच आवारातला वेलोड्रोम पाहायला सांगितलं होतं. वेलोड्रोम म्हणजे सायकल शर्यतीचा लंबगोल ट्रॅक, इथला काँक्रीटचा. सरळ पट्ट्यावर तो थोडासाच कललेला असतो, पण वळण जवळ येऊ लागलं की बाहेरच्या बाजूने भिंतीसारखा चढत जातो. पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं की पहिला प्रश्न पडतो तो एकच: यावर सायकल टिकते कशी?

विद्यापीठ १९१८ सालचं, निजाम मीर उस्मान अली खान यांच्या फर्मानाने सुरू झालेलं. मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांतल्या जुन्या पदव्यांवर उस्मानियाचं नाव आहे. वेलोड्रोम त्या मानाने अगदी अलीकडचा. २००२च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा हैदराबादेत भरल्या. गच्चीबावलीला स्टेडियम उभं राहिलं, तसा विद्यापीठाच्या आवारात हा ट्रॅक आला.

पण मला खिळवून ठेवलं ते त्या उताराने. वळणाची त्रिज्या ३० मीटर धरा. ताशी ३६ किलोमीटर वेगाने वळणाऱ्या स्वाराला तोल राखायला सुमारे १९ अंश आत झुकावं लागतं. वेग ताशी ६० झाला की तोच कोन ४३ अंशांवर जातो, कारण वळणावरचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. सपाट रस्त्यावर इतकं झुकलं तर टायर निसटेल. म्हणून स्वाराबरोबर जमीनही झुकवायची, म्हणजे टायर तिच्यावर जवळजवळ काटकोनात टेकतो. मात्र काँक्रीटचा उतार एकदा ओतला की बदलत नाही. तो वेगवान स्वारासाठी बेतलेला असतो. हळू जाणाऱ्याचा टायर त्याच्यावर तिरका पडतो आणि खाली घसरू पाहतो. बाकी सगळीकडे भीती वाटली की आपण वेग कमी करतो. इथे वेग कमी केला की धोका वाढतो.

त्यात ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात आणि गिअर एकच. मागचं चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच, पाय थांबवायची सोय नाही. वेग उतरवायचा तर पायांनी पॅडल रोखून धरायचं, नाहीतर उतारावर वर चढायचं. म्हणून नवशिक्याला आधी तळाच्या निळ्या पट्ट्यावर फिरवतात, मग काळ्या रेघेवर, आणि पाय व नजर सरावली की हळूहळू वर. काळी रेघ म्हणजे शर्यतीचं अंतर मोजायची रेघ. तिच्या वर लाल रेघ. स्प्रिंटमध्ये पुढचा स्वार या दोन रेघांच्या मधे आला की मागच्याने त्याला आतून ओलांडायचं नसतं. स्प्रिंटर आधी उंचावर जाऊन जवळजवळ थांबतात, एकमेकांना जोखतात आणि एका क्षणी खाली झेपावतात. त्या झेपेत उताराची उंचीच वेग होऊन हाती येते. काँक्रीटचा इतका देखणा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

काळजी वाटते ती यापुढची. उघड्यावरचं काँक्रीट उन्हाने फुगतं, रात्री आकसतं. सांध्यांत पाणी मुरतं. जोरकस हवा भरलेल्या अरुंद टायरला सांध्याची प्रत्येक पायरी जाणवते, आणि ओबडधोबड डागडुजी भेगेइतकीच घातक ठरते. पावसात रंगवलेल्या रेघा निसरड्या होतात, म्हणजे पावसाळ्याचे कितीतरी दिवस सरावाविना जातात. ब्रेक नसलेली सायकल घरून चालवत आणता येत नाही, तेव्हा सायकली ट्रॅकपाशीच ठेवायला हव्यात, दुरुस्त करायला हव्यात, आणि उताराची भीती घालवणारा प्रशिक्षक रोज हजर हवा.

शिवाय ऑलिंपिकचा ट्रॅक २५० मीटरचा, लाकडी आणि छताखालचा असतो. तसा ट्रॅक दिल्लीत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी झाला. खुल्या ट्रॅकची जुनी रूढ लांबी ३३३.३३ मीटर, तीन फेऱ्यांचा एक किलोमीटर. तिथे घडलेल्या स्वाराला छोट्या ट्रॅकवरची जवळजवळ येणारी, जास्त उभी वळणं नव्याने शिकावी लागतात. पुण्याच्या बालेवाडीचा वेलोड्रोमही १९९४च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठीच बांधलेला. स्पर्धेसाठी बांधायला पैसा मिळतो, स्पर्धेनंतरच्या रोजच्या सरावासाठी तो मागत फिरावं लागतं.

तरीही अशा ट्रॅकला विद्यापीठाहून योग्य जागा नाही असं मला ठाम वाटतं. वसतिगृहं हाकेच्या अंतरावर, आवारातच इंजिनिअरिंग आणि शारीरिक शिक्षणाचे विभाग, आणि दरवर्षी येणारी नवी तरुण मुलं. उताराचं गणित वर्गात शिकायचं आणि संध्याकाळी त्यावरून सायकल चालवायची, ही संधी देशात फार थोड्या विद्यार्थ्यांना मिळू शकते. त्यासाठी हव्यात सामायिक वापराच्या काही सायकली, कायमचा प्रशिक्षक आणि अंदाजपत्रकात डागडुजीची दरवर्षीची तरतूद. पदकं त्यानंतरची गोष्ट. विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एकदा तरी त्या वळणावर चढता आलं पाहिजे, आणि ज्यांना तिथे राहावंसं वाटेल त्यांच्यासाठी ट्रॅक वर्षभर जिता ठेवला पाहिजे.