यू-कोड आला म्हणजे मॉड्यूल गेलं, असं नाही

डॅशबोर्डवर एकदम तीन-चार दिवे लागतात, वेगाचा काटा शून्यावर येतो, गॅरेजवाला स्कॅनर लावतो आणि सांगतो, "मॉड्यूल गेलंय, बदलावं लागेल." आकडा ऐकून आपण गप्प होतो, कारण उलट विचारायचं काय तेच माहीत नसतं. मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नव्हे. पण हा आजार मुळात संपर्क तुटण्याचा आहे आणि ते आमचं रोजचं काम.

आजच्या गाडीत इंजिन, एबीएस ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग, स्पीडोमीटर अशा प्रत्येकासाठी वेगळा छोटा संगणक असतो. त्यालाच मॉड्यूल म्हणतात. ही मॉड्यूल्स एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. या पद्धतीचं नाव कॅन बस. बॉश कंपनीने ती १९८६ मध्ये जगासमोर आणली. इथे कोणी अध्यक्ष नसतो. प्रत्येक जण आपली माहिती सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगतो, ज्याला हवी तो घेतो. चाकांचा वेग एबीएस मोजतं आणि बऱ्याच गाड्यांत स्पीडोमीटर तोच उचलतो. म्हणून एबीएस गप्प झालं की वेगाचा काटाही पडतो.

एखाद्याचा आवाज ठरलेल्या वेळात आला नाही की बाकीचे तशी नोंद करतात. हेच 'यू'ने सुरू होणारे कोड. यू०१०० म्हणजे इंजिनच्या मॉड्यूलशी संपर्क नाही, यू०१२१ म्हणजे एबीएसशी नाही. कोड "संपर्क नाही" म्हणतो, "बिघडलं" म्हणत नाही. आमच्याकडे सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर तो चालू आहे का, केबल लागली आहे का, हे आधी बघतात. लगेच नवा सर्व्हर कोणी मागवत नाही.

माझ्या मामांचंच उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा त्यांची गाडी बडोद्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाण्यात होती. ती सुकवून घेतली, चालूही झाली. तीन महिन्यांनी मात्र मध्येच काटा पडायचा आणि एबीएसचा दिवा लागायचा. गॅरेजने यू०१२१ काढला आणि नव्या एबीएस युनिटचे चाळीस हजारांवर सांगितले. पेन्शनीत बसणारा आकडा नव्हता. मामा म्हणाले, "दिवा लागू दे रे, ब्रेक तर लागतोय ना!" साधा ब्रेक लागतो हे खरं, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबला तर चाकं लॉक होण्यापासून वाचवणारं कोणी उरत नाही.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला घेऊन आम्ही बसलो. बॅटरी सोडवली आणि स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावला. कॅनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात. तारा शाबूत असतील तर दोन्ही मिळून साधारण ६० दिसतात. १२० दिसले तर कुठेतरी तार तुटली किंवा एक टोक सुटलं. शून्याच्या जवळ दिसले तर शॉर्ट. आमच्याकडे ६० आले, म्हणजे मुख्य तारा ठीक.

बॅटरी परत जोडून एबीएसचे फ्यूज आणि कनेक्टरवरचा पॉवर पाहिला. तोही ठीक. मग ग्राउंड. इथे नुसता ओहम मोजून चालत नाही. गंजलेल्या जोडाचा एखादा तंतू जरी टेकत असला तरी मल्टिमीटरला तो धडधाकट दिसतो, करंट वाहायला लागला की उघडा पडतो. म्हणून इग्निशन चालू ठेवून एबीएसची ग्राउंडची तार आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक यांमधला व्होल्टेज मोजला. तो ०.१–०.२ व्होल्टच्या आत हवा. आमचा दोनच्या वर गेला. बॅटरीच्या ट्रेखाली बॉडीला लावलेला ग्राउंडचा बोल्ट हिरवट पांढरा झाला होता. सॅंडपेपरने घासला, घट्ट आवळला, वर व्हॅसलीन लावलं. खर्च इलेक्ट्रिशियनच्या मजुरीपुरता. त्यानंतरचा अख्खा पावसाळा गेला, दिवा लागलेला नाही.

दरवेळी इतकं सोपं नसतं. सगळीच मॉड्यूल्स गप्प असतील तर एकेक कनेक्टर काढत जावं लागतं. जो काढल्यावर बाकीचे बोलू लागतात, दोष तिथे. कधी उंदराने तार कुरतडलेली असते. पॉवर, ग्राउंड, तारा सगळं ठीक असूनही मॉड्यूल गप्पच असेल, तर ते खरंच गेलंय. तेव्हा बदलावंच लागतं. नवं मॉड्यूल बहुतेक वेळा त्या गाडीसाठी कोडिंग करून घ्यावं लागतं, त्यामुळे भंगारातलं आणून बसवलं की झालं, असंही नाही. आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना घरच्या घरी मीटर लावू नका. बॅग उघडू शकते.

हे सगळं तुम्ही स्वतः करायला हवं असं नाही. पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा: कोड नेमका कोणता आणि तो कोणत्या मॉड्यूलने नोंदवलाय? ६ आणि १४ मध्ये किती ओहम आले? पॉवर आणि ग्राउंड लोड असताना तपासलं का? चांगला कारागीर या प्रश्नांनी चिडत नाही. उत्तरं मिळाली नाहीत तर मॉड्यूल बदलण्याआधी दुसऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवा.