आधी आकार, मग काच

हौशी दुर्बिणींच्या दुनियेत गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक मोठा बदल झाला. पूर्वी दुर्बीण ओळखली जायची ती व्यासावरून. कुणाकडे सहा इंची, कुणाकडे आठ इंची. आता दुर्बीण ओळखली जाते ती काचेच्या नावावरून. नवा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘एफपीएल-५३ आहे का?’ या लेखात मी काचांचा आढावा घेणारच आहे, पण माझं मत आधीच सांगून टाकतो. काच ही दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट आहे. पहिला मान पृष्ठभागाच्या आकाराचा.

भिंगांपासून सुरुवात करू. क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांची जोडी लावून रंगदोष आटोक्यात आणायची युक्ती जॉन डॉलंडने १७५८ साली पेटंट केली आणि पुढे दीड-दोनशे वर्षं तीच चालली. या जोडीत लाल आणि निळा रंग एका जागी येतात, जांभळा मात्र मागे रेंगाळतो. हा उरलेला दोष केंद्रांतराचा साधारण दोन हजारावा भाग असतो. त्यावर जुन्या लोकांचा उपाय साधा होता, तो म्हणजे नळी लांब ठेवणे. इंचांतल्या व्यासाला तीनने गुणायचं आणि निदान तेवढा एफ-क्रमांक (केंद्रांतर भागिले व्यास) ठेवायचा. म्हणून ६० मिलिमीटर व्यासाची, ९०० मिलिमीटर केंद्रांतराची जपानी दुर्बीण साध्या काचेची असूनही शनीची कडी स्वच्छ दाखवायची. तोच हिशोब सहा इंची भिंगाला लावला की एफ-१८, म्हणजे पावणेतीन मीटरची नळी लागते. ती गच्चीवर कोण चढवणार? विशेष काचांची गरज इथे निर्माण झाली.

ऑटो शॉट आणि अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८८४ साली येना इथे काचेचा कारखाना काढला, तेव्हापासून काच रसायनशास्त्राच्या हाती आली. काच रंग किती कमी फाकवते हे अ‍ॅबे अंकावरून कळतं. अंक जितका मोठा, तितकी फाकवण कमी. नेहमीच्या बीके-७ काचेचा अंक ६४. जपानच्या ओहारा कंपनीच्या एफपीएल-५१चा सुमारे ८१.५, आणि एफपीएल-५३चा ९५, म्हणजे जवळजवळ फ्लोराइट स्फटिकाइतका. होयाची एफसीडी-१०० याच पंगतीतली, आणि चिनी एच-एफके-६१ ही एफपीएल-५१ची बहीण. आकडे खरे आहेत आणि फरकही खरा आहे. ८० मिलिमीटरच्या आखूड नळीतून शुक्र किंवा व्याध पाहिला की ५१च्या भिंगात जांभळी कड थोडी दिसते, ५३च्या चांगल्या भिंगात ती जवळजवळ नाहीशी होते.

माझं भांडण यापुढच्या दाव्याशी आहे. आपल्यातली काही जाणती मंडळी नवख्यांना सांगतात की ५३ नसेल तर दुर्बीण घेऊच नका. हा सल्ला चुकीचा आहे आणि महागातही पडतो. भिंग दोन काचांचं असतं. जोडीदार काच कोणती, वक्रता किती, दोन्हींमधलं अंतर बरोबर आहे का, भिंगाचं केंद्र नळीच्या अक्षावर आहे का, या सगळ्यावर प्रतिमा ठरते. उत्तम घासलेलं ५१चं एफ-७ भिंग निष्काळजीपणे बसवलेल्या ५३ला सहज मागे टाकतं. शिवाय ‘ईडी’ (म्हणजे रंग कमी फाकवणारी काच) ही दोन अक्षरं नळीवर छापायला कुणाची परवानगी लागत नाही. मी एका विक्रेत्याला आतली काच नेमकी कोणती, असं विचारलं, तेव्हा त्याने पुन्हा ‘ईडी’ एवढंच सांगितलं. भिंगाच्या चाचणीचा कागद मागितला, तर त्याला प्रश्नच कळला नाही.

आकाराचं महत्त्व पटत नसेल त्यांनी हबल अवकाश दुर्बिणीची गोष्ट आठवावी. २.४ मीटरच्या त्या आरशासाठी तापमानाने जवळजवळ न प्रसरणारी, त्या काळची सर्वोत्तम काच वापरली होती. तिला झिलई अप्रतिम होती. पण चाचणीच्या उपकरणातला एक भाग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसला आणि आरशाची कड २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली. १९९० साली पहिली चित्रं आली ती धूसर. दोष दुरुस्त व्हायला १९९३चा डिसेंबर उजाडला. दुसऱ्या चाचण्यांनी चूक दाखवली होती, पण त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. सर्वोत्तम काच असूनही चुकलेल्या आकारापुढे तिचा काही उपयोग झाला नाही.

श्मिट-कॅसेग्रेन आणि माक्सुटोव्ह या मिश्र दुर्बिणींबद्दल फार लिहीत नाही. आटोपशीर आहेत, प्रवासात सोयीच्या आहेत, बाजारात भरपूर आहेत. ज्यांना त्या हव्यात त्यांनी खुशाल घ्याव्यात.

आता आरशाकडे येतो. आयुष्यभर ज्याची बाजू घेतली तो हाच. न्यूटोनियन दुर्बिणीत प्रकाश काचेत शिरतच नाही. तो पृष्ठभागावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरावरून परततो, म्हणून रंगदोष शून्य. काचेचं काम फक्त आकार धरून ठेवण्याचं. पायरेक्स तापमानाने साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते, त्यामुळे ती सोयीची. पण जाड साध्या काचेवरही उत्तम आरसे झाले आहेत. अट एकच आहे आणि ती कडक आहे. परावर्तनात पृष्ठभागाची चूक दुप्पट होते, म्हणून आरशाला भिंगाच्या पृष्ठभागापेक्षा सुमारे चौपट अचूकता लागते. प्रतिमा चांगली हवी तर चूक प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाच्या, म्हणजे सुमारे ७० नॅनोमीटरच्या आत हवी.

आणि ही अचूकता घरात, हाताने साधते! काचेच्या दोन सारख्या चकत्या घ्यायच्या, एक पिंपावर ठेवायची, मध्ये कार्बोरंडमची ओली पूड टाकायची आणि पिंपाभोवती फिरत फिरत वरची खालचीवर घासायची. वरची आपोआप खोलगट होते, खालची फुगीर. ८० नंबरची पूड करकरते, ६००ची जवळजवळ गप्प असते. सरावलेला हात आवाजावरून पूड संपल्याचं ओळखतो. दर नंबरनंतर बादली, टेबल, नखं, सगळं धुवायचं, कारण आधीच्या पुडीचा एक कण राहिला तर ओरखडा ठरलेला. सहा इंची एफ-८ आरशाची खोली सव्वा मिलिमीटरहूनही कमी भरते. मग झिलईसाठी डांबरासारख्या पिचचा थर आणि सेरियम ऑक्साइड. पिच मऊ की कडक हे अंगठ्याचं नख दाबून ठरवायचं. मे महिन्यात ते वाहू लागतं, डिसेंबरात दगड होतं.

शेवटी फुकोची पात्याची चाचणी. अंधाऱ्या खोलीत आरशापासून २.४ मीटरवर बारीक छिद्रातला दिवा आणि शेजारी दाढीचं पातं. पातं परतणाऱ्या किरणांत सरकवलं की आरशावर सावल्या उमटतात आणि एवढासा उंचवटा टेकडीसारखा दिसतो. पृष्ठभागावर अंगठा क्षणभर टेकवून काढला, तर तेवढ्या उबेने फुगलेली काच फुगवट्यासारखी दिसते आणि मग हळूहळू विरते. घासून मिळणारा गोलाकार आणि शेवटी हवा असलेला अन्वस्त (पॅराबोलिक) आकार यांच्यातला फरक या सहा इंची आरशाच्या कडेला ०.०००३ मिलिमीटरहूनही कमी असतो. तो एक पातं आणि एक दिवा दाखवतात. पुण्यात आयुकाच्या कार्यशाळांत, आणि ठिकठिकाणच्या खगोल मंडळांत, कितीतरी शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, कारखान्यांतल्या कामगारांनी हे असंच पाहिलं. ज्याने एकदा ती सावली वाचली, त्याला जाहिरातीतली काच फसवू शकत नाही.

किमतीचा हिशोबही आरशाच्याच बाजूचा आहे. ८० मिलिमीटरच्या ५३ भिंगाच्या पैशात आठ इंची डॉब्सनियन, म्हणजे साध्या बैठकीवरची न्यूटोनियन, आरामात येते. ती सव्वासहा पट प्रकाश गोळा करते. ८० मिलिमीटर १.४५ विकलांपर्यंतचे जोडतारे वेगळे करते, आठ इंची ०.५८पर्यंत. छायाचित्रणासाठी भिंग हवं हे मान्य. तिथे ५३चे पैसे वसूल होतात. डोळ्यांनी पाहणाऱ्याने मात्र व्यास आणि आकार यांवरच खर्च करावा. आपल्या हवेत आणखी एक मुद्दा आहे. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात भिंगांच्या मध्ये बुरशी धरते आणि ती लेप खाते. आरशाचा थर खाऱ्या हवेने खराब होतो हे खरं, पण तो काढून नवा चढवता येतो आणि आकार तसाच राहतो.

आज काही मित्र म्हणतात, तयार आरसे इतके स्वस्त झालेत की घासत बसणं म्हणजे वेळ फुकट. आरसे स्वस्त झाले याचा मला आनंदच आहे. पण घासण्याबरोबर तपासणंही सुटलं, याचं दुःख आहे. पिंपं गेली, पाती गेली, आणि आपल्या आरशाचा आकार काय आहे हे सांगू शकणारी माणसं मंडळामंडळांतून कमी होत गेली. प्रत्येक मंडळाने निदान एक अंधारी खोली आणि फुकोचा एक संच पुन्हा मांडावा. विकत घेतलेली प्रत्येक दुर्बीण आधी ध्रुवताऱ्यावर तपासावी. प्रतिमा केंद्राच्या आत आणि बाहेर सारखीच सरकवून पाहावी. दोन्हीकडची वलयं सारखी दिसली, तर काचेचं नाव काहीही असो, दुर्बीण ठेवून घ्यावी. नाही दिसली, तर एफपीएल-५३ असली तरी परत करावी.