ओठ बघून सगळं कळतं का?

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा : पापा, बाबा, मामा. तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. ज्या लेकराला ऐकू येत नाही, त्याला हे तिन्ही शब्द एकच दिसतात. आता क, ग, ह म्हणून बघा. हे आवाज आत घशाकडे होतात, ओठांवर त्यांची खूणच उमटत नाही.

म्हणून 'त्याला ओठ वाचता येतात, सगळं कळतं' असं वस्तीत कोणी म्हणालं की आम्ही तिथंच थांबवतो. ओठांवर बोलण्याचा थोडाच भाग दिसतो. बाकीचं लेकरू चेहऱ्यावरून, हातवाऱ्यांवरून, प्रसंगावरून जुळवतं. जुळलं नाही की लोक त्याला मठ्ठ म्हणतात. दोष त्याच्या बुद्धीचा नसतो.

खरं तर ऐकू येणारी माणसंही डोळ्यांनी ऐकतात. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनाल्ड या संशोधकांनी 'गा' म्हणणाऱ्या चेहऱ्याला 'बा' हा आवाज जोडून दाखवला. बहुतेक मोठ्या माणसांना ऐकू आलं 'दा'!

ओठांची ही अडचण ओळखून १९६६ साली अमेरिकेतल्या गॅलॉडेट कॉलेजात डॉ. ऑरिन कॉर्नेट यांनी 'क्यूड स्पीच' ही पद्धत तयार केली. बोलताना हात तोंडाजवळ धरायचा. इंग्रजीसाठी व्यंजनांच्या ८ खुणा आणि स्वरांच्या ४ जागा आहेत. 'प'ला एक बोट, 'ब'ला चार बोटं, 'म'ला पूर्ण पंजा. ओठ तेच, पण बोटं वेगळी. त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो.

सांकेतिक भाषा मात्र वेगळी. तिला स्वतःचं व्याकरण आहे, ती पूर्ण भाषा आहे. १८८० साली मिलान शहरात शिक्षकांच्या परिषदेनं शाळांतून खुणांची भाषा हटवण्याचा ठराव केला. त्याची किंमत कर्णबधिर मुलांच्या कित्येक पिढ्यांनी मोजली. तेव्हा 'हातवारे करू देऊ नका, बोलायला शिकणार नाही' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. लेकराचे हात बांधू नका.

घरात एवढं करा :
• उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. दिव्याकडे किंवा दाराकडे पाठ करून बोलू नका.
• लेकराच्या उंचीला बसा. त्यानं तुमच्याकडे बघितल्यावरच बोला.
• तोंडावर पदर, हात नको. तोंडात मिश्री, तंबाखू नको.
• ओरडू नका. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात.
• सुटा शब्द नको, पूर्ण वाक्य बोला. वस्तू दाखवा.
• एका वेळी एकानंच बोला.

हाक मारल्यावर बाळ वळत नसेल, तर 'उशिरा बोलेल' म्हणून थांबू नका, अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं. त्यांना कानाची तपासणी करायला सांगा. मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठी अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. भाषा शिकण्याची पहिली वर्षं परत येत नाहीत. मशीन असो, खुणा असोत की ओठ, लेकराला भाषा वेळेत मिळाली पाहिजे. भाषा मिळाली तरच पुढं शाळा आणि शिक्षण.