आजीचे आयुष्य आणि नातवंडाचा जीव

जळगावलगतच्या असोद्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींनी आपल्या गाण्यांतून अवघ्या महाराष्ट्राचे माहेर करून ठेवले; परंतु माहेर या संस्थेमागे मायेइतकीच भक्कम जीवशास्त्रीय कारणपरंपरा आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. लेकीचे पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही खानदेशातील पूर्वापार वहिवाट. आणि तेथे शेकशेगडीची तजवीज करणारी, पाटावर बसून दोन्ही पाय लांब पसरणारी, त्या पायांवर तान्ह्याला पालथे निजवून तेल जिरवणारी व कोमट पाण्याने न्हाऊ घालणारी स्त्री बहुधा आईची आई असते, जिचे स्वतःचे अपत्यप्रसवाचे वय केव्हाच सरलेले असते.

प्रजननशक्ती ओसरल्यावरही दशकानुदशके जगणाऱ्या माद्या प्राणिसृष्टीत अत्यल्प. काही जातींचे देवमासे हे त्यांतले ठळक उदाहरण. चिंपांझीची मादी पाच-सहा वर्षांच्या अंतराने एकेक पिल्लू जवळजवळ एकटीच वाढवते. मानवी स्त्रीला मात्र, कंदमुळे व शिकार यांवर जगणाऱ्या समाजांतही, पहिले मूल स्वतःचे पोट भरू लागण्याच्या कितीतरी आधी दुसरे होते. मग त्या पहिल्याचे पोट भरते कोण?

टांझानियातील हाड्झा लोकांत मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा शोध घेतला, तेव्हा टणक जमीन खणून कंद काढण्यात वृद्ध स्त्रिया तरुणींच्या मागे नाहीत असे दिसले. आणि आई नवजात अर्भकात गुंतली की तिच्या थोरल्या मुलाच्या वजनातील वाढ आजीच्या श्रमांशी निगडित असल्याचे १९९७ साली त्यांनी प्रसिद्ध केले. फिनलंडमधील चर्चची जुनी दप्तरे व कॅनडातील नोंदी तपासून २००४ साली जो निष्कर्ष निघाला, तो तर मला विलक्षण वाटतो: पन्नाशीनंतर स्त्री जितकी जगली, त्यातील दर दहा वर्षांमागे तिच्या नातवंडांत सरासरी दोघांची भर पडली होती. गॅम्बियाच्या खेड्यांत आईची आई हयात असणे हे दूध तुटलेल्या मुलाच्या जगण्याला उपकारक ठरले. वडिलांच्या आईचा प्रभाव निरनिराळ्या समाजांत निरनिराळा आढळतो. तथापि तेवढ्यावरून सासूला आरोपी ठरवणे अन्यायाचे होईल, कारण पहिल्या बाळंतपणानंतरची बरीचशी वर्षे नातवंडे तिच्याच अंगाखांद्यावर वाढतात.

आप्तांच्या हातभाराचे उदाहरण खुद्द बहिणाबाईंच्या आयुष्यातही सापडते. त्यांना तिशीच्या सुमारास वैधव्य आले, तेव्हा पदरी तीन मुले होती. पुढे त्यांची गाणी कागदावर उतरली ती आप्तांच्याच हातून: पुत्र सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांच्या.

मूल वाढवणे हे एकट्या आईचे काम मानण्याची आजची रीत मला म्हणूनच अनैसर्गिक वाटते. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने गावोगाव अंगणवाडी आणली, पण तेथे पूर्वशालेय शिक्षणासाठी बसते ते तीन वर्षांपुढील मूल. कापूस वेचणीला सकाळीच निघणारी आई त्याहून लहानग्याला आजीच्या हवाली करते. आणि आजीही मजुरीला जात असेल तर ते थोरल्या बहिणीच्या कडेवर येते, जिची शाळा त्यापायी बुडते.