अमान्त आणि पूर्णिमान्त मास

महाराष्ट्रात चांद्रमास अमावास्येला संपतो, तर उत्तर भारतात पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचे मासनाम उभयत्र एकच असते. कृष्ण पक्षाचे मात्र उत्तरेत पुढील मासाचे असते. दिल्लीच्या द्वारका उपनगरातील मराठी कुटुंबांना या भेदाचा प्रत्यय श्रावणात येतो. २०२५ साली उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे पहिला श्रावणी सोमवार १४ जुलैला आला. मराठी पंचांगाप्रमाणे २८ जुलैला. जन्माष्टमीचा दिवस मात्र दोहोंकडे तोच. एकीकडे ती श्रावण वद्य अष्टमी, दुसरीकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. तात्पर्य, तिथीशी निगडित व्रत स्थिर राहते. संपूर्ण मासाशी निगडित व्रत पंधरवड्याने सरकते.

साहित्याच्या अभ्यासकाने हा भेद उपेक्षू नये. ज्ञानेश्वरांच्या समाधीची तिथी शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी ही होय. हिंदी अनुवादात 'कार्तिक कृष्ण त्रयोदशी' असे शब्दशः लिहिल्यास उत्तरेकडील वाचक तो दिवस धनत्रयोदशीचा समजेल व समाधी एक मास आधीची ठरेल. तेथे 'मार्गशीर्ष कृष्ण त्रयोदशी' असे लिहावे, अथवा मूळ मासनामापुढे 'अमान्त' असा स्पष्ट निर्देश करावा.